भोकराच्या कुलातील रानफुले : ओळखावीत कशी आणि नाव कोणते लिहावे?

पावसाळा सरत आला की गडांवर फिरणारी मंडळी, शाळा-महाविद्यालयांतले शिक्षक, लोक जैवविविधता नोंदवही भरणारे समिती सदस्य असे अनेक जण तेच ते प्रश्न विचारू लागतात. निसुर्डीला एका पुस्तकात एक नाव आणि दुसऱ्यात दुसरे, मग खरे कोणते? भोकर आजवर बोरॅजिनेसी कुलात होते, आता ते कॉर्डिएसीत गेले म्हणतात, तर परीक्षेत काय लिहायचे? मोबाइलने सांगितलेले नाव नोंदवहीत चढवावे का? गावातले वैदू ज्याला पाषाणभेद म्हणतात, तोच पुस्तकातला पाषाणभेद का?

दिंडोरी तालुक्यात सातमाळेचे गड आहेत, कादवेचे खोरे आहे, धरणांच्या गाळपेर जमिनी आहेत आणि द्राक्षबागांचे बांधही आहेत. या कुलातल्या वनस्पती अशा सगळ्याच जागी वाढतात, म्हणून हे प्रश्न इथे वारंवार पडतात. त्यांची उत्तरे अवघड नाहीत. गोंधळ होतो तो तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्यामुळे :

- ओळख : समोरचे झाड कोणत्या जातीचे आहे? याचे उत्तर झाडावरच असते आणि ते तुम्ही स्वतः शोधू शकता.
- नाव : त्या जातीला शास्त्रात काय म्हणायचे? हे आंतरराष्ट्रीय नियमांनी ठरते.
- वर्गीकरण : ती जात कोणत्या प्रजातीत, कोणत्या कुलात बसवायची? हे अभ्यासक पुराव्यांवरून ठरवतात आणि त्यांच्यात मतभेद असू शकतात.

ओळख चुकली तर पुढचे सगळे चुकते. नाव किंवा कुल जुने राहिले तर फारसे बिघडत नाही, कारण ते मागाहून दुरुस्त करता येते. म्हणून या लेखात सर्वाधिक भर ओळखीवर आणि नोंदीवर दिला आहे.

कुठे आणि केव्हा शोधाल?

- डोंगरउतार आणि गडांच्या वाटा (ऑगस्ट ते ऑक्टोबर) : निसुर्डी. रामशेज, अहिवंत, सप्तशृंगीचा परिसर अशा ठिकाणी ओलसर उतारांवर आणि झुडपांच्या कडेला नजर ठेवा.
- शेताचे बांध, पडीक माळ, रस्त्याच्या कडा (पावसाळ्याचा उत्तरार्ध ते हिवाळा) : छोटा कल्पा.
- कालव्याच्या कडा, उकिरड्याची ओलसर जागा : भुरुंडी.
- पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन (हिवाळा ते उन्हाळा) : त्रिपक्षी आणि जमिनीलगत वाढणाऱ्या भुरुंडीच्या भाऊबंद जाती. पालखेड, करंजवण, वाघाड, ओझरखेड या धरणांच्या काठी अशी जमीन पाहायला मिळते.
- नदीपात्रातले खडक : रोटुला ॲक्वाटिका हे चिवट झुडूप. पाषाणभेद या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतींपैकी ते एक आहे.
- रान, गावठाण, मंदिराचे आवार : भोकर, गोंदणी, दहिवण आणि दातरंग ही झाडे. आळंदीला ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीजवळचा अजानवृक्ष म्हणजेच दातरंग, शास्त्रीय नाव एहरेशिया लेव्हिस.

पहिली पायरी : कुल ओळखा

पुढच्या खुणांपैकी एखादी जुळली म्हणून निष्कर्ष काढू नका. बहुतेक खुणा एकत्र दिसायला हव्यात.

- अंगावर खरखरीत लव. पान दोन बोटांत धरून देठाकडून टोकाकडे आणि मग उलट दिशेने फिरवा. खरखर लगेच जाणवते.
- पाने साधी, बहुधा एकाआड एक आणि देठाच्या बुडाशी उपपर्ण नसलेली.
- फुलोरा टोकाशी विंचवाच्या नांगीसारखा वळलेला. फुले खालून वर उमलत जातात तसा तो सरळ होतो.
- पाकळ्या तळाशी जोडलेल्या, वर पाच भाग, पुंकेसरही पाच.
- फळ : लहान रोपांमध्ये बहुधा चार सुटे कठीण दाणे, झाडांमध्ये गरात आठळी.

अपवाद आधीच माहीत असलेले बरे. छोट्या कल्प्याची खालची पाने समोरासमोर असतात. त्रिपक्षीच्या फुलाला पाचाऐवजी बहुधा चार भाग असतात. भोकराची जून पाने बरीच गुळगुळीत असतात.

दोन नेहमीच्या फसगती

- तुळशीचे कुल : तिथेही फळात चार दाणे असतात. मात्र खोड बहुधा चौकोनी, पाने समोरासमोर आणि फूल दोन ओठांचे असते. या कुलातली फुले बहुधा सर्व बाजूंनी सारखी दिसतात.
- विष्णुक्रांता : निळे, लहान, गोल फूल पाहून पुष्कळ जण तिला निसुर्डीच्या जवळची समजतात. ती गारवेलीच्या कुलातली आहे. तिचे फळ सुकल्यावर उकलणारे बोंड असते आणि त्याला काटेरी दाणे नसतात.

दुसरी पायरी : कुक्षीवृंत पाहा

दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग घ्या. फूल उभे चिरून मधली दांडी, म्हणजे कुक्षीवृंत, पाहा. या एका निरीक्षणावर कुलाचे मोठे गट वेगळे होतात :

- दांडी दोनदा दुभंगून चार टोके झाली असतील तर भोकर-गोंदणीचा गट.
- एकदाच दुभंगून दोन टोके असतील तर बहुधा दातरंगाचा गट.
- दांडी आखूड आणि तिच्या टोकाशी शंकू व त्याच्या बुडाशी कडे असेल तर भुरुंडीचा गट.
- दांडी चार दाण्यांच्या मधून, अगदी तळातून निघाली असेल तर निसुर्डी आणि छोट्या कल्प्याचा गट.

हे निरीक्षण जपून ठेवा. कुलाच्या नावावरून जो वाद आहे, तो बराचसा याच गटांभोवती फिरतो.

तिसरी पायरी : जात ठरवा

छोटा कल्पा (ट्रायकोडेस्मा इंडिकम). फूल खाली तोंड करून लोंबते, म्हणून संस्कृतात याला अधःपुष्पी म्हणतात. पाने बिनदेठाची, बुडाशी खोडाला कवटाळणारी. फुलाचा रंग फिकट निळा, पांढुरका किंवा गुलाबी छटेचा असतो आणि एकाच रोपावर या छटा दिसू शकतात, म्हणून रंगावरून जात ठरवू नका. फूल हलकेच वर उचला. मध्यभागी पाच परागकोश एकमेकांना बिलगून सुळका झालेला असतो आणि त्यांची केसांसारखी टोके एकत्र पिळलेली असतात. आता फुलामागचे हिरवे निदल पाहा. प्रत्येक निदलाच्या तळाशी दोन्ही बाजूंना टोकदार कानपाळ्या निघालेल्या असतील तर तो छोटा कल्पा. निदल तळाशी गोलसर असेल, कानपाळ्या नसतील आणि रोप उंच असेल, तर ट्रायकोडेस्मा झेलॅनिकम ही बहीण-जात तपासा. समोरून काढलेल्या फोटोत निदलाचा तळ येत नाही. अनेक नोंदी इथेच अडतात.

निसुर्डी. खालची पाने मोठी, लांब देठाची, हृदयाकृती. फुले फिकट निळी. फळाच्या दाण्यांवर आकडेदार काटे असतात आणि ते कपड्यांना चिकटतात. दाण्यांशिवाय निसुर्डीची नोंद पक्की मानू नका, कारण जवळच्या जाती दाण्यांच्या आकारावरून आणि त्यांच्या कडांवरूनच वेगळ्या होतात. फुलांच्या दिवसांत पाहिलेल्या रोपाकडे फळे धरल्यावर पुन्हा जा. चिकटलेले दाणे काढून कागदाच्या पुडीत ठेवलेत तरी उत्तम पुरावा होतो.

भुरुंडी (हेलिओट्रोपियम इंडिकम). पान अंडाकृती आणि सुरकुतलेले. टोकाशी वळलेल्या लांब फुलोऱ्यावर बारीक फिकट जांभळी किंवा पांढुरकी फुले दोन ओळींत बसलेली असतात. संस्कृतातले हस्तिशुंडी हे नाव याच फुलोऱ्यावरून आले.

त्रिपक्षी (कोल्डेनिया प्रोकम्बेन्स). जमिनीला चिकटून पसरते. पानावर खोल घड्या, कडा नागमोडी. फूल इतके बारीक की भिंग हवेच. पिकल्यावर फळाचे चार तुकडे होतात.

भोकर (कॉर्डिया डायकोटोमा) आणि गोंदणी (कॉर्डिया सायनेन्सिस). भोकराचे पान रुंद, फळ पिकल्यावर चिकट गराचे. कच्च्या फळांचे लोणचे घरोघरी माहीत आहे. गोंदणीचे पान अरुंद आणि लांबट, बऱ्याचदा जवळजवळ समोरासमोर. फूल बहुधा चार भागांचे. दहिवणाची (कॉर्डिया मॅक्लिओडी) पाने रुंद, जाड आणि मागून लवदार असतात.

फोटो कोणते काढाल?

एका रोपाचे पुढील फोटो असतील तर तज्ज्ञांना नाव सांगता येते. यातला एखादा राहिला तर तेही अडतात.

1. आसपासच्या जागेसह संपूर्ण रोप
2. पानाची वरची आणि खालची बाजू
3. पान खोडाला जिथे जुळते ती जागा
4. फूल समोरून आणि बाजूने, निदल दिसेल असे
5. फुलोऱ्याचे वळलेले टोक
6. फळ किंवा दाणे, शेजारी मोजपट्टी ठेवून

सोबत तारीख, गाव, जागेचा प्रकार (बांध, गाळपेर, कातळ, झुडपी रान) आणि रोपाची उंची लिहा. स्थान मोबाइलवरून नोंदवा. गडाच्या वाटेवरची मोठी वस्ती असेल किंवा जात दुर्मीळ वाटत असेल, तर नेमके स्थान सर्वांना दिसेल असे टाकू नका. आयनॅचरलिस्टसारख्या मंचावर स्थान अंधूक ठेवायची सोय आहे.

मोबाइल ॲपचे उत्तर सूचना म्हणून घ्या. ज्या जातींचे फोटो जगभरात जास्त उपलब्ध आहेत त्यांच्याकडे ॲप झुकते, त्यामुळे सह्याद्रीतल्या रोपाला परदेशी बागेतल्या फुलाचे नाव मिळू शकते. ॲपने नाव दिले की वरच्या खुणा झाडावर ताडून पाहा आणि मगच ते स्वीकारा.

शास्त्रीय नाव कसे वाचावे?

वनस्पतींच्या नावांची नियमबद्ध सुरुवात लिनिअसच्या १७५३ च्या ‘स्पीशीज प्लान्टॅरम’पासून मानतात. नावात पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा आणि शेवटी नाव देणाऱ्या अभ्यासकाचा उल्लेख असतो. कंसात एक नाव आणि बाहेर दुसरे दिसले तर अर्थ असा : कंसातल्या अभ्यासकाने त्या जातीला मूळ नाव दिले, बाहेरच्याने तिला आजच्या प्रजातीत आणून बसवले.

निसुर्डीची नावे या रीतीने वाचली की कोडे उलगडते :

- सायनोग्लॉसम सीलेस्टिनम, लिंडली : मूळ नाव, एकोणिसाव्या शतकातले.
- पॅराकॅरियम सीलेस्टिनम, (लिंडली) बेंथम : प्रजाती बदलली.
- ॲडेलोकॅरियम सीलेस्टिनम, (लिंडली) ब्रँड : पुन्हा प्रजाती बदलली. महाराष्ट्रातल्या अनेक पुस्तकांत हेच नाव आहे.
- पॅराकॅरिऑप्सिस सीलेस्टिना, (लिंडली) मिल : १९९१ मध्ये मिल यांनी पॅराकॅरिऑप्सिसला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला, तेव्हाचे नाव.

चारही नावांत दुसरा शब्द तोच आहे. प्रजातीच्या नावाचे व्याकरणातले लिंग बदलले म्हणून शेवटच्या नावात ‘सीलेस्टिनम’चे ‘सीलेस्टिना’ झाले, एवढेच. चार पुस्तकांत चार नावे दिसली तरी निसुर्डी एकच आहे. ओळखीची सोपी रीत ही : दुसरा शब्द आणि कंसातला अभ्यासक जुळत असेल, तर बहुधा एकाच जातीची ही वेगवेगळी नावे आहेत.

नाव बदलण्याची तीन कारणे

- प्रजाती बदलणे. निसुर्डीचे उदाहरण वर आलेच. छोट्या कल्प्यालाही लिनिअसने १७५३ मध्ये बोरॅगो प्रजातीत घातले होते. रॉबर्ट ब्राउनने १८१० मध्ये ट्रायकोडेस्मा ही प्रजाती वेगळी केली आणि पुढे छोटा कल्पा तिच्यात आला. अलीकडचे उदाहरण भुरुंडीच्या काही लहान भाऊबंद जातींचे आहे. हेलिओट्रोपियम ओव्हॅलिफोलियम ही जात २००३ पासून युप्लोका ओव्हॅलिफोलिया या नावानेही लिहिली जाते. भुरुंडीचे स्वतःचे १७५३ चे नाव मात्र आजही मान्य आहे.
- एकाच जातीला दोघांनी नावे देणे. अशा वेळी नियमानुसार आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकते. गोंदणीला जुन्या पुस्तकांत कॉर्डिया रॉथी म्हटलेले आढळेल. आता ती कॉर्डिया सायनेन्सिसमध्येच धरतात.
- नाव चुकीच्या झाडाला लावले जाणे. आपल्या भोकराला जुन्या लिखाणात सर्रास कॉर्डिया मिक्सा म्हटले आहे. कॉर्डिया मिक्सा ही वेगळी जात आहे. आपल्या रानातल्या भोकराला आता कॉर्डिया डायकोटोमा म्हणतात. इथे नावाबरोबर ओळखही तपासावी लागते, त्यामुळे हे कारण सर्वांत काळजीचे.

मान्य नाव पाहायचे असेल तर क्यू उद्यानाचे ‘प्लान्ट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ आणि ‘वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन’ हे कोश विनामूल्य उपलब्ध आहेत. दोन्हींत वेगळे उत्तर आले तर घाबरू नका. कोणत्या कोशातून, कोणत्या तारखेला नाव घेतले हे लिहिले की तुमची नोंद निर्दोष आहे.

कुल कोणते लिहावे? तीन पर्याय

आपल्याकडची जुनी मांडणी बेंथम-हूकर पद्धतीची, म्हणजे १८६२ ते १८८३ या काळातल्या ग्रंथाची. तिच्यात भोकर, दातरंग, भुरुंडी, निसुर्डी सगळे एकाच कुलात आहेत. २०१६ मध्ये दोन वेगवेगळ्या मांडण्या पुढे आल्या. एपीजी-४ पद्धतीने बोरॅजिनेसी हे एकच मोठे कुल ठेवले आणि त्याला बोरॅजिनेलीस हा स्वतःचा गण दिला. त्याच वर्षी या गणावर काम करणाऱ्या अभ्यासगटाने त्याची ११ कुले सुचवली. त्यानुसार भोकर कॉर्डिएसीत, दातरंग एहरेशिएसीत, भुरुंडी हेलिओट्रोपिएसीत गेली, आणि गाळपेर जमिनीवरच्या त्रिपक्षीला कोल्डेनिएसी हे कुल मिळाले. या कुलात तिच्याशिवाय दुसरी जातच नाही. निसुर्डी आणि छोटा कल्पा मूळ बोरॅजिनेसीतच राहिले.

दोन्ही मांडण्यांमागे पुरावा एकच आहे. फरक रेषा कुठे आखायची याचा आहे. म्हणून प्रसंग पाहून निवड करा :

- परीक्षा किंवा प्रात्यक्षिक वही : विद्यापीठाने नेमलेली पद्धत पाळा. उत्तरात पद्धतीचे नाव लिहा.
- लोक जैवविविधता नोंदवही, शाळेची यादी : बोरॅजिनेसी हे व्यापक कुल लिहा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘फ्लोरा ऑफ नाशिक डिस्ट्रिक्ट’ या लक्ष्मीनरसिंहन आणि शर्मा यांच्या ग्रंथाशी आणि थिओडोर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या जुन्या ग्रंथाशी यादी ताडून पाहणे त्यामुळे सोपे जाते.
- शोधनिबंध किंवा प्रबंध : दोहोंपैकी एक पद्धत निवडा, सुरुवातीलाच सांगा आणि शेवटपर्यंत तीच पाळा.

एकाच यादीत भोकर कॉर्डिएसीत आणि भुरुंडी बोरॅजिनेसीत, अशी सरमिसळ तेवढी टाळा.

स्थानिक नावांची नोंद

दिंडोरीच्या पूर्वेकडच्या गावांत आणि ननाशीकडच्या कोकणा, महादेव कोळी वस्त्यांत एकाच झाडाला वेगळी नावे असू शकतात. यातले एकही नाव चुकीचे समजू नका.

- नाव सांगणाऱ्याने उच्चारले तसेच लिहा, प्रमाण करू नका.
- गाव आणि बोली लिहा. सांगणाऱ्याचे नाव त्यांच्या संमतीनेच घाला.
- नाव उभ्या झाडाजवळ विचारा. घरात बसून सांगितलेले नाव दुसऱ्याच झाडाचे निघू शकते.
- शास्त्रीय नाव रोमन लिपीत आणि शेजारी देवनागरीत उच्चार लिहा. केवळ देवनागरीत लिहिले तर मूळ वर्णलेखन मागाहून सापडत नाही.

औषध म्हणून वापरण्यापूर्वी थांबा

नावाच्या गोंधळाचा खरा धोका इथे आहे. पाषाणभेद या एका नावाने नदीपात्रातले रोटुला, हिमालयातले बर्जेनिया आणि आणखीही काही वनस्पती विकल्या व वापरल्या जातात. गावजबान या नावाखालीही बाजारात एकाहून अधिक वनस्पती येतात. स्थानिक नाव जुळले म्हणून गुण जुळतीलच असे नाही.

शिवाय या कुलातल्या अनेक वनस्पतींत, विशेषतः भुरुंडी आणि कल्प्याच्या गटांत, पायरोलिझिडीन अल्कलॉइड ही विषारी द्रव्ये असतात. ती यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद करतात आणि परिणाम उशिरा दिसतो. १९७० च्या दशकात वायव्य अफगाणिस्तानात भुरुंडीच्या प्रजातीतल्या एका तणाचे बी गव्हात मिसळले गेले आणि यकृतविकाराची मोठी साथ पसरली. म्हणून :

- भुरुंडी, कल्पा, निसुर्डी यांचा काढा, रस किंवा चूर्ण स्वतःच्या मनाने पोटात घेऊ नका. गरोदर स्त्रिया आणि मुले यांना तर मुळीच देऊ नका.
- धान्यात तणाचे बी दिसले तर चाळून, निवडून काढा.
- औषध घ्यायचेच असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडून घ्या आणि वनस्पतीचे शास्त्रीय नाव विचारा.


भोकराचे फळ परंपरेने खाल्ले जाते. त्याचा या यादीशी संबंध नाही.

हीच अल्कलॉइडे टायगर आणि क्रो गटांतल्या नर फुलपाखरांना हवी असतात. भुरुंडीच्या सुकलेल्या फांदीवर ती सोंड लावून तासन्‌तास बसतात आणि शोषलेल्या द्रव्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. बांधावर सरसकट तणनाशक मारण्यापूर्वी याचा विचार करा. पिकात किंवा चाऱ्यात आलेली भुरुंडी काढावीच लागेल. कालव्याकडेची, कोणाला अडथळा न करणारी चार रोपे राखता येतील.

रोप तोडण्यापूर्वी

- फोटो पुरेसा असेल तर तोडू नका. एका जागी मोजकीच रोपे असतील तर मुळीच नाही.
- राखीव वनातून वन विभागाच्या परवानगीशिवाय रोप, फांदी किंवा बी नेणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा ठरू शकतो.
- खासगी शेतात मालकाला विचारा. दिंडोरीतली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे अभ्यासाला जाण्यापूर्वी ग्रामसभेला कळवा.
- नमुना घेतलाच तर फुले आणि फळे दोन्ही असलेली फांदी घ्या, जुन्या वर्तमानपत्रांत दाबा आणि पावसाळी हवेत कागद रोज बदला.
- परदेशी व्यक्ती किंवा संस्थेला नमुने किंवा बी देऊ नका. जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार त्यांना राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमंजुरी घ्यावी लागते.

तुमचे हक्क

- नोंदवहीत सहभाग : ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने नोंदवही स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून तयार करायची असते. तुमच्या गावची नोंद राहिली किंवा चुकली असेल तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.
- ज्ञानाचे संरक्षण : वैदूंनी सांगितलेला उपयोग गोपनीय ठेवण्याची मागणी त्यांना करता येते. त्यांच्या संमतीशिवाय तो छापू नका.
- गौण वनोपज : वनहक्क कायदा, २००६ नुसार पात्र वनहक्कधारकांना परंपरेने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर हक्क मिळतो.
- तज्ज्ञांचा सल्ला : पुण्याचे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम क्षेत्रीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह इथे जतन केलेले नमुने आहेत. नमुना ताडून पाहण्यासाठी आधी पत्राने विचारणा करा.
- नवी जात : नाव देण्यासाठी पदवीची अट नाही. मात्र मान्य संग्रहालयात ठेवलेला मूळ नमुना, लॅटिन किंवा इंग्रजी वर्णन आणि नियमानुसार प्रसिद्धी या अटी पूर्ण कराव्या लागतात. लॅटिनची सक्ती १ जानेवारी २०१२ पासून उठली.

नोंदीचा नमुना

वहीत प्रत्येक रोपाला एक पान द्या आणि पुढील रकाने याच क्रमाने भरा :

1. तारीख, गाव, जागेचा प्रकार
2. पाहिलेल्या खुणा : पान, निदल, कुक्षीवृंत, फळ
3. फोटो किंवा नमुना क्रमांक
4. स्थानिक नाव आणि ते कुठे ऐकले
5. शास्त्रीय नाव, कोणत्या ग्रंथावरून किंवा कोशावरून
6. कुल आणि वर्गीकरणाची पद्धत
7. खात्री : पक्की, बहुधा किंवा शंका

पहिले चार रकाने पेनाने भरा, पाचवा आणि सहावा पेन्सिलने. नावे बदलतील तेव्हा पेन्सिलचा मजकूर खोडून नवा लिहा. सातव्या रकान्यात ‘शंका’ लिहायला कचरू नका. खुणा नीट नोंदवलेल्या असतील तर तुमची शंका पुढचा अभ्यासक फेडू शकतो. खुणांशिवाय लिहिलेले पक्के नाव मात्र तपासायला कोणालाच आधार देत नाही.

सुरुवात भोकरापासून करा. तालुक्यात बहुतेकांना ते झाड माहीत आहे आणि त्याचे फूल भिंगाखाली सहज पाहता येते. मार्च-एप्रिलमध्ये गावातल्या एका भोकराचे फूल चिरून चार टोके मोजा आणि वहीचे पहिले पान भरा. शाळेतल्या मुलांना सोबत घेतलेत तर गावातली सगळी भोकरे नोंदवली जातील आणि जैवविविधता समितीच्या हाती तपासता येईल अशी यादी पडेल.